बिनगोफणीचं तास

चांदीच्या ताटात अंबाडीच्या दोराची एक गोफण ठेवलेली आहे. दर सोमवारी तिला दुधाने आंघोळ घालतात. मग उन्हात वाळवतात. वाळताना तिच्यावर चिमण्या बसू नयेत म्हणून एक माणूस टाळ्या वाजवत उभा असतो.

*

साता समुद्रापलीकडे गोरे गोऱ्यांशी लढत आहेत; तिकडचा कापूस बंद. इकडे अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या गाड्या कोसभर खोळंबल्या आहेत. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या.

*

कपाशीचं कोवळं बोंड दाताने फोडलं तर आतला ओला कापूस गोडसर लागतो. चार बोंडं खाल्ली की जीभ जाड होते.

*

वीस वर्षांपूर्वी पार्वताबाईच्या गोठ्यातलं वासरू दिवसाढवळ्या सुटलं आणि शेजारच्या मुगात शिरलं. त्याचं दावं कुणीतरी देव म्हणून नेलं होतं.

*

पालखीचा दांडा बाळापूरच्या सुताराने केला. अस्सल सागवान. ज्याच्या खांद्यावर तो बसतो त्या खांद्याला दोन वर्षांत लिंबाएवढा गट्टा येतो.

*

शके १७८६च्या मृगात साऊरखेडच्या एका बाईने पेरणीला ओटीत भलतंच बी घेतलं. चुकून नव्हे.

*

पुंजाराम तिफण हाकत होता. मागे त्याची बायको रुख्मिणी एका हाताने सरत्याचा बांबू धरून चालत होती. दुसऱ्या हाताने ती ओटीतलं बी त्या पोकळ बांबूत सोडत होती. शेताच्या बरोबर मधलं हे एक तास, म्हणजे एक लांबलचक ओळ, धर्माचं. त्याचं बी मठातून यायचं. शेणाराखेत घोळलेली सरकी, लाल फडक्यात, वर कुंकवाचं बोट.

लाल फडकं बांधावर तसंच बांधलेलं होतं.

"बी सारखं पडू दे," पुंजाराम मागे न बघता म्हणाला. "धर्माचं तास हाये."

"पडून राहिलं," रुख्मिणी म्हणाली.

दुपारी, बाकीची सरकी पेरायच्या आधी, दोघं बाभळीखाली भाकर खायला बसली. सरकी पेरणाऱ्या बाईचे हात कोपरापर्यंत शेणाने काळे असतात. रुख्मिणीने हात न धुताच भाकर मोडली. पुंजारामचं लक्ष बैलांकडे होतं.

*

सहाव्या दिवशी उगवलं. सगळ्या शेतात कपाशीची दोन-दोन जाड पानं, आणि मधोमध, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत, हिरव्या सुया.

पुंजाराम वाकला. एक सुई चिमटीत धरून त्याने चोळली, वास घेतला.

"हे काय हाये वो?"

"जवारी."

"धर्माच्या तासात?"

"धर्माच्याच तासात."

"तुले समजते का, काय केलं तू? माह्या खांद्यावर पालखी हाये! अख्ख्या पंथात चार मानसं, त्यातला एक मी. खुशालराव पाटील माह्या खांद्याले लागून चालते. अन् माह्याच शेतात—"

"अन् तुमच्याच शेतात थे मजूर गंगूबाई बोंडं खात होती," रुख्मिणी म्हणाली. "मागच्या कार्तिकात. मी वेचाले आली तं ही मधल्या तासात बसलेली. तोंडातून हिरवा रस चालला. मी म्हणलं, काय करतं वो? तं म्हणते कशी, काही नाही, गोड लागते. अन् डोक्यावरून पदर घेतला. धर्माचं तास म्हणून आली होती थे. सवयीनं. तिले वाटलं, तासात खायाचं असते."

पुंजारामची म्हातारी आई, पार्वताबाई, धुऱ्यावर बसून गवत उपटत होती. ती हसायला लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

"माय, तू काहून हसतं?"

"मले लई वर्सांनी जवारी दिसली ना बापा या तासात."

*

पार्वताबाई सांगायची ते असं. रुख्मिणीने ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटे.

"सहदेव आमच्या घरचा राखोळ्या. माह्या सासऱ्यानं ठेवला होता, पाखरं हाकाले. माळ्यावर बसे अन् गोफण चालवे. नेम असा, का उडता राघू पाडीन. एक रोज जवारी हलली तं त्यानं धोंडा सोडला. पाखरू नव्हतं, बाई होती. कुठली, कोनाले ठाऊक. डोळा गेला तिचा. ओट्यात चार कणसं.

"खाली उतरला. गोफण फेकली. सासऱ्याले म्हणे, मालक, मले मजुरी नोको, मले एक तास द्या. ज्याले भूक त्याचं थे तास. पाखरू येवो का मानूस येवो. त्याच्यावर गोफण चालवायची नाही, अन् नाव इचारायचं नाही. बस. एवढाच धर्म त्याचा. दुसरं काही त्याले येतच नव्हतं. ना भजन, ना पोथी.

"चौदा गावांनी तास सोडलं. मंग सहदेव बाबा झाला अन् मेला. मेल्यावर लोकं पाहत फिरले, बाबाचं काही हाये का ठेवाले? त्याच्यापाशी काय असन? मी त्या गोफणीनं वासरू बांधत होती. थेच नेली."

*

ज्वारी वीतभर वर आली तेव्हा मठाचे महंत देवीदासबुवा स्वतः शेतावर आले. सोबत खुशालराव. देवीदासबुवा एकभुक्त. अंगावर मांस नाही, पायात वहाण नाही. त्यांना खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"रुख्मिणी, मले राग नाही आला," ते म्हणाले. "समजून सांगतो. एका तासाच्या जवारीनं दहा मानसं चार रोज जेवतीन. त्याच तासात कपाशी लावली तं शंभर मानसाची भाकर निघते. बाबा असते तं त्यायनंही हेच केलं असतं."

"मंग थे शंभर कुठं जेवले, बुवाजी?"

बुवांनी टाळाटाळ केली नाही. एकेक करून सांगितलं.

पहिल्या वर्षी कपाशीच्या मोलात खरंच ज्वारी आणली आणि वाटली.

ज्वारी ठेवायला खोली लागली.

खोलीला उंदीर आणि चोर लागले, म्हणून भिंत आणि कुलूप.

कुलपाशी बसायला माणसं. ती दिवसभर बसणार, तर आधी त्यांना जेवण.

मागणारे वाढले. कुणी दोनदा नेई, कुणाला एकदाही मिळेना. ओळख हवी, म्हणून गळ्यात दोरा, गोफणीच्या विणीचा.

दोरा कुणाला द्यायचा? ज्याने तास दिलं त्याला. हेही न्यायाचंच.

"अन् गंगूबाईले शेतच नाही," रुख्मिणी म्हणाली. "शेत नाही तं तास नाही. तास नाही तं दोरा नाही. दोरा नाही तं भाकर नाही. ज्याच्या घरी जवारीचं पेव भरलं हाये त्याच्या गळ्यात दोरा. बुवाजी, हे असं कवा झालं?"

"एकदम नाही झालं," देवीदासबुवा म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर विचार करणाऱ्या माणसाचा होता. "कोनी वाईट नाही केलं, बाई. दर साली एक चांगलंच काम केलं."

खुशालरावने पागोटं सारखं केलं. "लई झालं बोलनं. पुंजाराम, त्या तासावर आत्ता डवरा फिरव, जवारी कापून काढ. नाही फिरवला तं पालखीचा खांदा गेला तुहा. अन् मजुरायले मी सांगून ठेवतो. जे तुह्या कपाशीत वेचाले येईन, त्याले साऊरखेडच्या दुसऱ्या कोन्या वावरात काम नाही."

"फिरव," देवीदासबुवाही म्हणाले. त्यांनी डोळे मिटून म्हटलं.

*

पुंजारामने डवरा, तण कापायचा कोळपा, जुंपला. बैल तासाच्या दोन्ही बाजूंना उभे केले, म्हणजे लोखंडी पात्याची पास बरोबर ज्वारीवर आली. रुख्मिणी धुऱ्यावर उभी होती. तिने पदराचं टोक दातात धरलं होतं. पुंजारामने तिच्याकडे पाहिलं नाही. बुवांकडे पाहिलं नाही. बैलांना म्हणाला, "चाल राजा."

आणि मागच्या रुमण्याला, धरायच्या दांड्याला, दोन्ही हात घालून त्याने डवरा उचलला.

बैल चालले. पास वीतभर हवेत. खाली ज्वारी डुलली, पानांची टोकं लोखंडाला घासली आणि परत उभी राहिली. दहा पावलं. वीस. पुंजारामच्या मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. पालखीच्या गट्ट्यावरून घाम ओघळून कोपरापर्यंत आला. अर्ध्या शेतात त्याने डवरा पोटाशी धरला. पास एकदाही खाली टेकली नाही. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.

तिथे त्याने तो टाकला. काळ्या मातीत पास खच्चकन रुतली.

"फिरवला," पुंजाराम धापा टाकत ओरडला. "बुवाजी म्हणले फिरव, म्या फिरवला!"

पार्वताबाईचे खांदे पुन्हा हलायला लागले. या वेळी आवाजही आला.

*

खांदा गेला. दसऱ्याला पुंजारामच्या जागी चंद्रभान होता. पालखी पुंजारामच्या दारावरून गेली तेव्हा भोई जरा धावत गेले.

मठाच्या पंगतीत पुंजाराम सवयीने बसला. पत्रावळ आली, मीठ आलं. मग वाढणारा वाकून हळूच म्हणाला, "दादा, उठता का? लोकं पाहून राहिले." पत्रावळ त्याने मिठासकट उचलून नेली. पुंजारामच्या बोटाला थोडं मीठ राहिलं होतं. घरी येईपर्यंत त्याने ते बोट मुठीत धरलं.

"गट्टा मऊ पडून राहिला," तो रुख्मिणीला म्हणाला. ती त्याच्या खांद्याला तेल लावत होती.

"पडू द्या. कातडं हाये, माती नाही."

"माहा बाप बी भोई होता."

"अन् तुमच्या आजानं तास सोडलं होतं," रुख्मिणी म्हणाली. "पालखी तं लई मागून आली."

दुसऱ्या दिवशी पुंजाराम पहाटेच तासात जाऊन ज्वारीच्या बुडाशी माती ओढताना दिसला.

कपाशी फुटली. इतकी फुटली की शेतात उतरताना डोळे दिपत. वेचायला कुणी आलं नाही. तिघंच वेचत होती. म्हातारी बसून, सरकत सरकत. बोंडांच्या वाळक्या नख्यांनी बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. रुख्मिणी त्यांत मेण भरायची. एक ओळ वेचून होईपर्यंत मागच्या दोन ओळी लोंबायच्या. वारा सुटला की कापूस जमिनीवर यायचा, त्याला पाचोळा चिकटायचा, आणि तो पाहून शेजारच्या शेतातून खुशालरावचा गडी मुद्दाम शीळ घालायचा.

"अर्धी गेली," पुंजाराम एकदा म्हणाला.

"कणसं भरू द्या," रुख्मिणी म्हणाली. "तवर थांबा. मंग मले काय बोलायचं थे बोला."

तिला एवढंच हवं होतं. ते एक तास उभं राहावं, पिकावं, आणि ज्याचं आहे त्याने ते खावं. नुसतं उभं राहून उपयोग नव्हता. कुणी खाल्लंच नाही तर ते एका हट्टी बाईचं पीक ठरणार होतं.

*

पौषात साऊरखेडला सगळ्यांच्या घरी कापूस होता आणि ज्वारी कुणाच्याच शेतात नव्हती. पेवं आणि मठाची खोली तळाला गेली होती, आणि बाहेरून आणावी तर गाड्या नव्हत्या. एकूण एक गाडी कापूस घेऊन अमरावतीला. ज्यांनी बैलांना पितळी शेंब्या केल्या होत्या ते भाकरीत अंबाडीचा पाला मिसळत होते. मजुरांकडे नुसता पाला होता.

पुंजारामच्या शेतात, पांढऱ्या कपाशीच्या मधोमध, ज्वारीची पुरुषभर उंच ताटं उभी होती. कणसं मोत्यासारखी भरलेली. वर पाखरांचा गलका. त्यांना कुणी हाकत नव्हतं.

दुपारची सुट्टी झाली. खुशालरावच्या शेतात साठेक बाया वेचत होत्या. त्यांतून गंगूबाई उठली. कमरेची ओटी सोडून बांधावर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत चालत पुंजारामच्या धुऱ्यावर आली. वाळलेली, उंच बाई. आवाज मोठा.

"गोफण हाये का वो?" तिने विचारलं.

"नाही," रुख्मिणी म्हणाली.

"नाव सांगू का माह्यं?"

"नोको."

"बरं झालं. लई लांब हाये."

गंगूबाईने एक ताट वाकवलं, कणीस मोडलं, तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. तोंडात टाकलं. सगळ्या बाया बघत होत्या. तिने डोळे मिटले. मग मान वळवून खुशालरावच्या शेताकडे हाळी दिली, "अवो, बसून काय राह्यल्या! हे बोंडं नोयत, जवारी हाये!"

त्या आल्या. आधी दोघी, मग धुरा ओलांडायला जागा पुरेना. पार्वताबाईने गोवऱ्यांची आगटी पेटवली. कणसं भाजायला लागली आणि तो वास वाऱ्याबरोबर गावात गेला. मग गावातून माणसं निघाली. म्हातारे काठ्या टेकत आले. दोरावाले आधी धुऱ्यावर रेंगाळले. मग एकाने दोरा सदऱ्याच्या आत घातला आणि तो उतरला. उंच होते ते ताटं वाकवून धरत होते, ठेंगणे मोडत होते.

तेवढ्यात झांजा ऐकू आल्या. देवीदासबुवा बाबांच्या गोफणीची पालखी घेऊन आले होते.

"थांबा!" ते धुऱ्यावरून म्हणाले. "बाबांच्या तासाचं पीक हाये. असं ओरबाडू नका. धट्टेकट्टे खातीन, म्हातारे उपाशी राहतीन. पहिले कापू, मठात नेऊ, मंग सारखं वाटू."

कुणाचेही हात थांबले नाहीत. फक्त एका म्हाताऱ्याने, तोंड भरलेलं असल्यामुळे, हातानेच खूण केली की माझं झालं आहे, चिंता नसावी.

पालखीच्या पुढच्या दांड्याखाली सूर्यभान होता. सकाळपासून त्याच्या पोटात अंबाडीच्या पाल्याशिवाय काही नव्हतं. आगटीचा धूर सरळ त्याच्या नाकाशी येत होता.

"बुवाजी," तो म्हणाला, "जराशी टेकवतो."

"पालखी रस्त्यात टेकवत नसतेत, सूर्यभान."

"जमिनीले नाही लावत. काठ्यायवर."

चौघांनी विसाव्याच्या काठ्या लावल्या. चौघं तासात शिरले. काळ्या, भुसभुशीत मातीत काठ्या हळूहळू रुतत गेल्या आणि पालखी कुणाच्याही हाताशिवाय, अगदी सावकाश, जमिनीवर बसली.

"उचला!" देवीदासबुवा म्हणाले.

"आलो, बुवाजी," चंद्रभान ताटांच्या आडून म्हणाला. "एवढं कणीस होऊ द्या."

बुवांनी स्वतःचा खांदा दांड्याखाली घातला. दांडा हलला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुंजाराम धावत गेला आणि त्यांना काखेत धरून मागे घेतलं. "पडसान ना बुवाजी. म्या उचलली हाये थे, मले ठाऊक हाये तिचं वजन."

खुशालरावची साठ मजुरणींची कपाशी तिकडे उन्हात लोंबत होती. त्याचं तोंड लाल झालं होतं. तो पालखीपाशी आला, पडदा ओढला, ताटातली गोफण उचलली. वाकून मातीचं ढेकूळ घेतलं. गोफणीत घातलं आणि हात वर केला. "आता हाकलतोच साऱ्यायले!"

गंगूबाई समोर होती. ती हलली नाही. रुख्मिणी तिच्या पुढे जाऊन उभी राहिली.

आणि देवीदासबुवा, ते हाडांचं माणूस, पुंजारामच्या हातातून सुटून खुशालरावच्या मनगटाला लटकले.

"गोफण चालवायची नाही!" ते ओरडले. असा आवाज त्यांच्यातून कधी निघाला नव्हता. "तासावर गोफण चालवायची नाही!"

पाखरं क्षणभर उठली आणि पुन्हा बसली.

"ऐकलं का पाटील?" गंगूबाई म्हणाली. "आता बोलले बुवाजी."

पहिलं हसू पार्वताबाईचं. मग सूर्यभानला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग सगळं शेत हसलं, साठ बाया, चार भोई, काठ्या टेकणारे म्हातारे, शेवटी पुंजाराम, खांदा चोळत. खुशालरावने ढेकूळ खाली टाकलं आणि तो आपल्या शेताकडे निघाला. वाटेत त्याला दोनदा मागे वळून पाहावं लागलं, कारण त्याच्यामागे कुणीच येत नव्हतं.

देवीदासबुवा तासाच्या कडेला उभे होते. हातात गोफण. रुख्मिणीने एक भाजलेलं कणीस त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही, नाकारलंही नाही.

पोटं भरल्यावर गंगूबाईने हात झटकले, पुंजारामच्या कपाशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय वो, कापूस जमिनीवर लोळून राहिला. लाज नाही वाटत?" तिने पदराची ओटी केली आणि पहिल्या ओळीत शिरली. मागून बाकीच्या. रुख्मिणी मजुरीचं बोलायला गेली तर एकजण म्हणाली, "आमचं नाव इचारलं का तुमी? मंग आमीबी काही इचारत नाही." ऊन उतरेपर्यंत अर्धं शेत वेचून झालं होतं, आणि पुंजाराम धुऱ्यावर कापसाच्या ढिगाशी उभा राहून आपल्या बायकोकडे असा बघत होता की म्हातारीने मान दुसरीकडे वळवली.

पुढच्या मृगात साऊरखेडच्या एकवीस शेतांत मधलं तास ज्वारीचं होतं.

देवीदास साऊरखेडला पहिल्यांदा आला तो दुष्काळात, तरणा असताना, तीन दिवसांचा उपाशी. याच तासात उभं राहून त्याने सात कणसं न भाजता खाल्ली होती, आणि त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं.